रान कोणाचे? ‘परिसर अभ्यासा’च्या दोन भागांची गोष्ट

१/
कर्जतला लागून, उल्हास नदीच्या काठी दहिवली वसलेली आहे. एकेकाळचे हे भातशेतीचे गाव आज कर्जत नगरपरिषदेच्या हद्दीत मोडते. अशा गावातील एकाच घरात तीन पिढ्या राहतात आणि बांधावरच्या एकाच ऐनाच्या झाडाकडे तीन नजरांनी पाहतात. आजोबांना त्यात राबासाठीचा टहाळ दिसतो. मुलाला तोडीची परवानगी आणि वनखात्याचा शिक्का दिसतो. नातवाला ऑक्सिजन दिसतो.

या तफावतीची दोन सोपी स्पष्टीकरणे समाजमाध्यमांवर फिरत असतात. पहिले असे की, जुनी माणसे निसर्गपूजक होती आणि नव्यांनी सारे बिघडवले. दुसरे असे की, जुनी माणसे अडाणी होती आणि शाळेने नव्यांना जागे केले. दोन्ही स्पष्टीकरणे इतिहासाला धरून नाहीत. कर्जत-खालापूरच्या गेल्या दीडशे वर्षांकडे पाहिले, तर तिसरीच एक गोष्ट पुढे येते.

२/
ती गोष्ट थोडक्यात अशी. मुलाला झाडाची किती माहिती दिली, यावर त्याची पुढची वृत्ती फारशी ठरत नाही. झाड कोणाचे आहे असे त्याला लहानपणी कळले, यावर ती बरीच ठरते. हा प्रश्न कोणत्याही प्रश्नपत्रिकेत येत नाही. पण प्रत्येक पिढीला त्याचे उत्तर मिळालेले असते आणि ते दर वेळी वेगळे असते.

३/
सर्वांत जुनी शाळा म्हणजे पोट. पहिला पाऊस पडला की कर्जतच्या डोंगरउतारांवर शेवळे उगवतात. शेवळाची भाजी नुसती शिजवली तर घसा खाजतो, म्हणून तिच्यात काकडाची आंबट फळे किंवा बोंडाऱ्याचा पाला घालावा लागतो. आता हे ज्ञान किती गोष्टींना बांधलेले आहे ते पाहा. शेवळ केव्हा उगवते, कुठे उगवते, काकडाचे झाड कोणत्या ओघळाला आहे, त्याला फळ केव्हा धरते. आणि ते झाड कोणी सरपणाला तोडले, तर पुढच्या वर्षी भाजीचे काय होणार. ठाकर किंवा कातकरी मुलीला यातले काहीही ‘विषय’ म्हणून शिकवले जात नव्हते. ती आईच्या मागे रानात जात होती, एवढेच.

याच शाळेत बंधनेही होती. उत्तर कोकणातील आदिवासी समाजांत नवी रानभाजी आधी देवाला दाखवायची आणि मग खायची, अशी रीत आहे. वाघबारशीला वाघाचा मान असतो. देवराईतली वाळकी फांदीही अनेक ठिकाणी उचलत नाहीत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास मांडला, तेव्हा या श्रद्धांच्या आडोशाला मूळच्या जंगलाचे तुकडे टिकून असल्याचे विद्यापीठीय जगाला कळले. गावांना ते आधीच ठाऊक होते, फक्त त्याला ‘संवर्धन’ असे नाव नव्हते. रान देवाचे आणि म्हणून आपले, असे त्या शाळेचे उत्तर होते.

४/
येथे थांबून भाबडेपणा आवरायला हवा. हीच पिढी पावसाच्या सुरुवातीला वलगणीचे मासे धरत आली. वलगण म्हणजे नदीतून ओढ्यांत आणि भातखाचरांत चढणारे मासे. ते अंडी घालायलाच वर येत असतात, म्हणजे पोटात अंडी असलेला मासाच धरला जातो. गवत चांगले फुटावे म्हणून डोंगराला वणवा लावण्याची सवयही जुनीच आहे. माणसे थोडी आणि मासे पुष्कळ होते तोवर हे खपून गेले. या व्यवहाराला जाणीवपूर्वक केलेले संवर्धन म्हणणे हा आजच्या शहरी मनाने मागाहून चिकटवलेला अर्थ आहे.

शिवाय ही शाळा जातीची आणि लिंगाचीही होती. कोणत्या रानात कोणी जायचे, कोणत्या पाणवठ्यावर कोणी उतरायचे, देवराईत बाईने केव्हा पाऊल टाकायचे नाही, हेही तिच्यातच शिकवले जाई. तिच्याविषयी हळहळताना हा धडा गाळण्याची सोय इतिहासाच्या विद्यार्थ्याला नाही.

५/
इतिहासप्रेमी मंडळींचा आवडता पुरावा याच टप्प्यावर पुढे येतो: आज्ञापत्र. रामचंद्रपंत अमात्यांच्या या ग्रंथातला झाडांविषयीचा मजकूर दर वर्षी पर्यावरण दिनाला ‘शिवकालीन पर्यावरण धोरण’ म्हणून फिरतो. ग्रंथ १७१५ च्या सुमाराचा, म्हणजे शिवछत्रपतींच्या निधनानंतर सुमारे पस्तीस वर्षांनी सिद्ध झालेला आहे, हे बहुतेक वेळा सांगायचे राहून जाते. तो मजकूर आरमाराच्या प्रकरणात येतो, हे तर त्याहूनही कमी वेळा सांगितले जाते. विषय आहे जहाजांसाठी लागणाऱ्या लाकडाचा. सागासारखे लाकूड परवानगी घेऊन तोडावे. आंबा-फणसाची झाडे मात्र रयतेने वर्षानुवर्षे जपून वाढवलेली, त्यांना हात लावू नये. अगदीच जीर्ण झालेले झाड हवे असेल, तर मालकाला राजी करून, मोल देऊन घ्यावे. जुलूम करू नये, असा त्याचा आशय आहे.

म्हणजे येथे भाषा हवामानाची किंवा जैवविविधतेची नाही. ती आरमाराच्या गरजेची आणि रयतेच्या हक्काची आहे. उलट त्यामुळेच हा मजकूर जास्त मोलाचा ठरतो. झाड टिकते ते त्याला धनी असतो म्हणून, आणि राज्य त्या धन्याला विचारते म्हणून, हे अठराव्या शतकातल्या एका मुत्सद्द्याला स्पष्ट दिसत होते. दीडशे वर्षांनी आलेल्या राज्याला ते दिसले नाही.

६/
१८७८ चा वनकायदा आला आणि सरकारने राखीव व संरक्षित जंगलांच्या रेषा आखल्या. तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या कर्जत तालुक्यात, आणि ठाणे-कुलाबा पट्ट्यात सर्वत्र, झगडा पेटला तो राबावरून. भाताचे रोप ज्या तुकड्यात वाढवायचे, तेथे उन्हाळ्यात शेण, टहाळ, गवत आणि वर माती असे थर रचून ते जाळायचे, यालाच राब भाजणे म्हणतात. तण मरते, राख मिळते, रोप जोमदार येते. त्यासाठी ऐन-किंजळाच्या फांद्या तोडाव्या लागतात. शेतकऱ्याच्या मते ही मशागत होती, वनखात्याच्या मते नासधूस.

तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये सरकारला मुंबई फॉरेस्ट कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ चा. राब हा त्याच्यापुढचा एक मुख्य प्रश्न होता. त्याच्या थोडे आधी, १८८३ मध्ये पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव फुल्यांनीही जंगलखात्यामुळे शेतकऱ्याची आणि त्याच्या गुराढोरांची कशी कोंडी झाली, ते मांडले होते. पर्यावरणाचा इतिहास मराठीत नाही, अशी तक्रार करणाऱ्यांनी तो या पानांत शोधावा.

७/
या काळात वाढलेल्या मुलाला काय शिकायला मिळाले? कवळ तोडायला गेलेला बाप खाकी कपडे दिसताच फांदी टाकून पळतो, हे त्याने पाहिले. खैरापासून कात काढण्यावर ज्यांचे नावच पडले, त्या कातकऱ्यांना खैर तोडणे हा गुन्हा झाला. कात गेला, आणि पुढे हीच माणसे मुंबईच्या चुलींसाठी कोळशाच्या भट्ट्यांवर मजूर म्हणून राबू लागली. जो समाज झाड जिवंत ठेवून त्याच्यावर जगू शकत होता, त्याला झाड जाळून मजुरी मिळवायला लागली. हेही पर्यावरणशिक्षणच होते, आणि अत्यंत परिणामकारक. रान सरकारचे आहे, हा धडा एका पिढीत पक्का झाला.

जे सरकारचे आहे, त्याची राखण सरकारने करावी आणि मिळेल तेवढे आपण न्यावे, हा त्या धड्याचा पुढचा भाग होता. तो कोणी शिकवला नाही. तो आपोआप आला. आज साठी-सत्तरीतली जी पिढी झाडाकडे ‘परवानगी’ म्हणून पाहते, तिच्या घरात हा धडा आजोबांपासून चालत आलेला आहे.

तो सर्वांनी मुकाट्याने पचवला, असे मात्र नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी याच कुलाबा जिल्ह्यात, उरणजवळच्या चिरनेरला जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. पाठ्यपुस्तकांत चिरनेर स्वातंत्र्यलढ्याच्या प्रकरणात येते, आणि ते बरोबरच आहे. पण लोक जमले होते ते अक्कादेवीच्या माळावर, जंगलावरच्या हक्कासाठी. तोच प्रसंग ‘परिसर’ या प्रकरणात कधी येत नाही. विषयांच्या भिंती कशा काम करतात, याचे हे चांगले उदाहरण आहे.

८/
कर्जत तालुक्याने या कोंडीला दिलेले सर्वांत देखणे उत्तर म्हणजे भाई कोतवाल. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, जन्म १९१२, माथेरान. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटलांसह आलेले हौतात्म्य आणि त्याआधी ‘आझाद दस्त्या’ने तोडलेल्या विजेच्या तारा, एवढे बहुतेकांना माहीत असते. भूमिगत होण्यापूर्वीचा कोतवाल हा मात्र शाळा काढणारा आणि धान्यकोठी चालवणारा माणूस होता. शेतकरी आणि आदिवासी पावसाळ्याच्या तोंडाशी सावकाराच्या दारात उभे राहू नयेत म्हणून धान्य, आणि कागदावर काय लिहिले आहे ते त्यांना कळावे म्हणून अक्षर, अशी ती जोडी होती. जमीन, धान्य, रान आणि वाचन या गोष्टी त्यांच्या कामात निरनिराळ्या विषयांत वाटलेल्या नव्हत्या. सिद्धगडाच्या वाटेवर फोटो काढणाऱ्यांनी कोतवालांची ही अर्धी बाजूही लक्षात घ्यावी.

९/
त्याच सुमारास शाळाही बदलू पाहत होती. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेतून गांधीजींची ‘नयी तालीम’ पुढे आली: सूत, माती, शेती यांच्या आधाराने अक्षर आणि अंक. महाराष्ट्रात आजही जुन्या प्राथमिक शाळांच्या पाट्यांवर ‘जीवन शिक्षण विद्यामंदिर’ हे नाव आढळते; ती या प्रयोगाची खूण आहे. बहुतेक ठिकाणी पाटी राहिली आणि टकळी गेली.

एका ठिकाणी मात्र प्रयोग खरोखर मुळापर्यंत गेला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे १९५७ च्या सुमारास ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. तेथे त्यांना एक साधी अडचण आली. वारली मुले शाळेत येत नव्हती, कारण ती गुरे राखायला जात. तेव्हा ‘पालक उदासीन आहेत’ असा शेरा मारून मोकळे न होता शाळाच कुरणावर नेली गेली. हीच ‘कुरणशाळा’. गुरे चरत असतात, मुले दगड, बिया, पाने मोजत असतात. कुरण ही शिकण्याची जागाही होती आणि मुलाच्या कामाचीही. दोहोंत भांडण नव्हते.

कोसबाड हे कर्जतपासून दूर, ठाणे जिल्ह्याच्या पार उत्तर टोकाला (आज ते पालघर जिल्ह्यात येते). पण सह्याद्रीच्या याच बाजूचे, याच प्रकारच्या समाजांतले ते उदाहरण आहे. पर्यावरणशिक्षणाची जागतिक व्याख्या करणारी तिबिलिसीची परिषद १९७७ मध्ये भरली. तिच्या दोन दशके आधी ही दोन बायामाणसे ते करून मोकळी झाली होती. त्याचे धोरण मात्र झाले नाही.

१०/
स्वातंत्र्यानंतरचा धडा थोडक्यात सांगता येतो. जुलै १९५० मध्ये कन्हैयालाल मुनशींनी वनमहोत्सव सुरू केला. १९५२ च्या राष्ट्रीय वनधोरणाने स्पष्ट केले की, एखादे गाव जंगलाशेजारी आहे एवढ्यावरून त्याचा जंगलावरचा दावा राष्ट्रहिताहून मोठा ठरत नाही. रान ‘सरकारचे’ होते ते ‘राष्ट्राचे’ झाले. शब्द उदात्त झाला, कवळ तोडणाऱ्याची स्थिती तीच राहिली. शाळेतल्या मुलाच्या हाती रोप, रोपाजवळ पाहुणे आणि पाहुण्यांचे भाषण, ही परंपरा येथून सुरू झाली. पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यात नवे रोप लागते, हा विनोद तेव्हापासूनचा आहे.

११/
मग आला ‘विषय’. स्टॉकहोमची परिषद १९७२ ची. २२ नोव्हेंबर १९९१ रोजी एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. अंमलबजावणी रेंगाळली म्हणून २००३ मध्ये न्यायालयाला पुन्हा लक्ष घालावे लागले. त्यानंतर राज्यात नववीपासून बारावीपर्यंत ‘पर्यावरण शिक्षण’ आले, पुढे त्याला ‘जलसुरक्षा’ जोडले गेले. विषय आला म्हणजे गुण आले, गुण आले म्हणजे प्रकल्पवही आली, आणि प्रकल्पवही आली म्हणजे ती तयार विकत मिळू लागली. दहिवलीतला मुलगा ॲमेझॉनच्या जंगलाचा तक्ता चिकटवतो आणि ध्रुवीय अस्वलाविषयी हळहळतो. ती हळहळ खोटी नसते. पण उन्हाळ्यात कर्जतच्या शेतांना मिळणारे पाणी भिवपुरीच्या वीजगृहातून येते. ते वीजगृह १९२२ पासून चालू आहे. आणि ते पाणी मूळचे घाटमाथ्यावरच्या आंध्रा नदीचे, म्हणजे एरवी भीमेच्या खोऱ्यात पूर्वेकडे गेले असते असे आहे. हे त्या वहीत नसते. आपल्या भातात घाटापलीकडचा पाऊस आहे, याहून थरारक भूगोल कोणता असू शकतो?

या धड्याचे उत्तर असे: रान पृथ्वीचे, म्हणजे सर्वांचे. आणि सर्वांचे म्हणजे दहिवलीत कोणाचेच नाही.

१२/
बाहेरच्या जगातील दोन निरीक्षणे येथे उपयोगी पडतात. अमेरिकेत थॉमस टॅनर यांनी १९८० मध्ये संवर्धनाच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांना विचारले की, तुम्हाला या वाटेवर कशाने आणले. लहानपणी मोकळ्या निसर्गात घालवलेला काळ, हे सर्वांत ठळक उत्तर होते. लुईझ चावला यांच्या पुढच्या अभ्यासांत त्याला आणखी एक उत्तर जोडले गेले: सोबत असलेले आणि लक्ष देणारे एखादे मोठे माणूस. दुसरे निरीक्षण मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांचे, १९९५ चे: प्रत्येक पिढी आपल्या लहानपणीची स्थिती हीच मूळ स्थिती मानते, आणि त्यामुळे ऱ्हास मोजण्याची फूटपट्टीच दर पिढीला सरकत जाते. आजोबांनी उल्हासच्या डोहात काय पाहिले, ते नातवाला कोणी सांगितले नाही, तर आजची नदी त्याला ठीकच वाटणार.

दुसरे निरीक्षण हे वस्तुतः इतिहासाच्या शिक्षणाविषयीच आहे.

१३/
आणि आता या थ्रेडचा मुख्य मुद्दा. चौथीच्या ज्या पुस्तकाने महाराष्ट्रातल्या मुलांना शिवछत्रपती दिले, ते बालभारती १९७० पासून काढत आली आहे. गेली अनेक वर्षे त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ‘परिसर अभ्यास, भाग २’ असेही छापलेले असते. अर्थात हे वाचणाऱ्या अनेकांचे इतिहासवेड ज्या पुस्तकात जन्मले, ते शासकीय नोंदीप्रमाणे पर्यावरणाच्या विषयाचे पुस्तक आहे!

भाग २ ने काय घडवले, ते दर रविवारी दिसते. पेठच्या कोथळीगडावर, पेबवर, राजमाचीवर तरुण पोरे-पोरी स्वखर्चाने जातात, टाक्यांतला गाळ उपसतात, गोण्या भरून प्लास्टिक खाली आणतात, बुरुजात रुजलेली झाडे काढतात. त्यांना कोणी गुण देत नाही. संवर्धनाची वृत्ती म्हणतात ती हीच, आणि ती लहानपणीच्या एका पुस्तकातून आली आहे. मग भाग १ मधून ती का येत नाही?

कारण भाग २ मध्ये नावे आहेत, जागा आहेत, भांडण आहे, फितुरी आहे, आणि ‘हे तुझे आहे’ असे न बोलता सांगितलेले आहे. भाग १ मध्ये ‘पाणी जपून वापरा’ आहे. भाग २ वाचलेले मूल गडाचे वारस होते. भाग १ वाचलेले मूल पाण्याचे ग्राहक होते. उपदेशाने ग्राहक थोडा वेळ सुधारतो, वारसाला उपदेश लागत नाही.

१४/
यावर आक्षेप आहेत, आणि त्यांतला एक जड आहे. वारसा सांगणारी गोष्ट नेहमी कोणाला तरी आत घेते आणि कोणाला तरी बाहेर ठेवते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ऐंशीहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. ती ठाकरांची वाडी. त्या रात्रीपूर्वी कितीतरी भटक्यांच्या लेखी ती गडाच्या वाटेवरचा चहाचा थांबा होती. गडाचे नाव पाठ होते, वाडीतल्या माणसांचे आणि डोंगराचे नाते काय होते ते ठाऊक नव्हते. भाग २ ने दिलेली माया दगडापाशी थांबते, याचा यापेक्षा कठोर पुरावा नको.

दुसरा आक्षेप असा की, जमिनीचे भाव एवढे चढले असता लहानपणीचे धडे काय करणार. कर्जतभोवतीची खाचरे फार्महाऊसच्या कुंपणात जात आहेत आणि पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग आला की हा वेग वाढेल, यात शंका घेण्याचे कारण नाही. विकणाऱ्यांत आजोबाही असतात आणि नातूही. ज्याला शेतीतून मुलीचे शिक्षण होत नाही, त्याला संवर्धनाचा उपदेश करणे उद्धटपणाचे आहे. धडा जमीन वाचवीलच असे नाही. पण विकताना काय जात आहे ते तरी माहीत असावे. ओढ्याची वाट, सामाईक चराई, पाणवठ्याचा हक्क या गोष्टी सातबाऱ्यावर लिहिलेल्या नसल्या तरी त्या होत्या, हे सांगणारे कोणी तरी असावे. माथेरान भोवतालचा पट्टा २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला, तेव्हा आणि पुढे गाडगीळ समितीच्या २०११ च्या अहवालावरही कोकणात जो विरोध झाला, त्यात जमिनीचे हितसंबंध होतेच; पण ‘पुन्हा सरकार आपले रान नेणार’ ही १८७८ पासूनची भीतीही होती. तिला नुसते अज्ञान म्हणणाऱ्यांनी राबाचा इतिहास वाचलेला नाही.

१५/
म्हणून मागणी अशी की, परिसर अभ्यासाचा भाग १ हा भाग २ सारखा लिहिला जावा. यासाठी नवी यंत्रणा लागत नाही. तिसरीच्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकाच्या जिल्हावार आवृत्त्या निघत आल्या आहेत; रायगडच्या मुलाला रायगडचे पुस्तक मिळते. त्या पुस्तकात नद्यांची आणि पिकांची यादी असते. तेथेच राबाची गोष्ट येऊ शकते, कातकऱ्याच्या नावाची गोष्ट येऊ शकते, अक्कादेवीच्या माळाची येऊ शकते, भाई कोतवालांच्या धान्यकोठीची आणि भिवपुरीच्या पाण्याचीही. आठ वर्षांच्या मुलाला हे झेपणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी नऊ वर्षांच्या मुलाला अफझलखान झेपतो हे आठवावे.

या गोष्टींत प्रत्येक वेळी चांगला आणि वाईट असे दोनच पक्ष नसतील. राबाने जंगल विरळही झाले आणि भातही पिकला. टाटांच्या पाण्याने घाटमाथ्यावरची गावे बुडाली आणि घाटाखाली उन्हाळी भात आला. मुलांना असे गुंते सांगायचे नसतात हा समज शिक्षणखात्याचा आहे. घरात सातबाऱ्यावरून चालणारी भांडणे रोज ऐकणाऱ्या मुलांना तो फारसा लागू पडत नाही.

१६/
पुस्तक बदलेपर्यंत वाट पाहावी लागेल, असेही नाही. २००२ च्या जैविक विविधता कायद्याखाली प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि लोकांच्या सहभागाने आपल्या हद्दीतली जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. नगरपरिषदाही त्यात आल्या. गाडगीळांनी १९९० च्या दशकापासून या नोंदवह्यांचा पाठपुरावा केला, आणि त्या कामात विद्यार्थ्यांनी असावे असा त्यांचा आग्रह होता. मोडी शिकून दफ्तरे लावणाऱ्या, गडावरचे शिलालेख टिपणाऱ्या तरुणांना नोंद करण्याचे काम नवे नाही. येथे दफ्तर माणसांच्या डोक्यात आहे, एवढाच फरक. आणि ते जुने होत चालले आहे.

दहिवलीच्या हद्दीपुरती अशी वही करायला घेतली, तर शेवळाच्या नोंदीत सोबत काकड लिहायचे की बोंडारा, येथपासून प्रश्न सुरू होतील. त्यांची उत्तरे देऊ शकणाऱ्या बाया जूनच्या पहिल्या सरींनंतर कर्जत-नेरळच्या बाजारात पाटी घेऊन बसतात. सकाळी लवकर गेले तर भेटतात. भाजी दहा वाजेपर्यंत संपते.